लॉख लोमंड, इन्व्हरेरी, किलचर्न: स्कॉटलंडची एका दिवसाची सहल कशी निवडावी, कशी करावी

मुलगी ग्लासगोत शिकते, जुलैत तिचं पदवीदान, म्हणून आई-बाबा पुण्याहून येतात. समारंभ, खरेदी, लंडन हे सगळं वजा केलं की हातात एकच मोकळा दिवस उरतो आणि त्या दिवसात डोंगर, तळी, किल्ले, जमलंच तर एखादं गाव असं सगळं उरकायचा बेत ठरतो. बेत काही वाईट नाही. स्कॉटलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण एक चतुर्थांश. एडिंबरो आणि ग्लासगो या दोन्ही शहरांतून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या बससहली भरपूर आहेत. मात्र सहल निवडताना बहुतेक जण नावं बघतात, घड्याळ बघत नाहीत. हा लेख मुख्यतः घड्याळाबद्दल आहे.

युरोप फिरून इकडे येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेंगेन व्हिसावर स्कॉटलंडला येता येत नाही, युनायटेड किंगडमचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो हातात आहे असं धरूनच पुढचं लिहिलंय.

आधी सहल निवडा

पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी लॉख नेस असतं (लॉख म्हणजे तळं, काही ठिकाणी आत शिरलेली समुद्राची खाडीही). एडिंबरोहून सकाळी आठच्या सुमारास निघालेली लॉख नेसची बस रात्री आठच्या आसपास परत येते. या बारा तासांतले सात-आठ तास तुम्ही खिडकीशी बसलेले असता. वाटेत ग्लेनकोची दरी लागते आणि ती खरोखर छाती दडपून टाकणारी आहे, पण तिथे मिळतात पंधरा-वीस मिनिटं. नेस स्वतः ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल, काळसर पाण्याचा सरळ पट्टा आहे. त्याची कीर्ती राक्षसाच्या गोष्टीवर उभी आहे, देखाव्यावर नाही. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागात, दोन-तीन दिवस राहणार असाल तर जरूर जा. एकच दिवस असेल, आणि सोबत गुडघे कुरकुरणारी माणसं असतील, तर माझं मत सरळ आहे: नेस सोडा, पश्चिमेची वाट धरा.

ती वाट अशी: लॉख लोमंडच्या काठचं लस गाव, मग 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाची खिंड, लॉख फाइनवरचं इन्व्हरेरी, लॉख ऑच्या टोकावरचा किलचर्नचा पडका किल्ला, आणि परतीत टिनड्रम, कॅलंडर या मार्गाने डूनचा किल्ला. बऱ्याच कंपन्यांची 'वेस्ट हायलँड्स', 'लॉख्स अँड कासल्स' अशा नावांची सहल थोड्याफार फरकाने हीच असते. काही जण उलट दिशेने फिरवतात, काही डूनऐवजी दुसरीकडे थांबतात. दिवस साधारण साडेनऊ-दहा तासांचा. बसमध्ये बसणं इथेही आहेच, पण दोन थांब्यांमध्ये सहसा तासाभराहून जास्त अंतर नसतं.

कुठलीही सहल बुक करण्याआधी त्या कंपनीच्या कार्यक्रमातल्या थांब्यांची मिनिटं एका कागदावर मांडून बेरीज करा. खाली उतरून काढायचा वेळ एकूण चार तासांपेक्षा कमी भरत असेल तर ती सहल घेऊ नका. कार्यक्रमात 'फोटो स्टॉप' लिहिलं असेल तर दहा मिनिटं समजा. 'बसमधून दर्शन' लिहिलं असेल तर शून्य.

कुठून निघायचं हे दुसरं. वरच्या मार्गावर लस गाव ग्लासगोहून पाऊण-एक तासावर आहे, एडिंबरोहून पावणेदोन तासांवर. ग्लासगोत राहणाऱ्यांनी ग्लासगोहूनच निघणारी सहल शोधावी, जाऊन-येऊन दोन तास वाचतात. एडिंबरोत मुक्काम असेल तर पहाटे रेल्वेने ग्लासगो गाठण्याची धडपड करू नका. गाडी पन्नास मिनिटांत पोचवते हे खरं, पण ती चुकली किंवा रद्द झाली तर बस तुमच्यासाठी थांबत नाही.

बस केवढी, हेही बघा. सोळा आसनांची मिनीबस आणि पन्नास आसनांची कोच यांत दरात थोडाच फरक असतो, अनुभवात बराच. पन्नास माणसं एका दारातून उतरून पुन्हा चढेपर्यंत दर थांब्याला दहा मिनिटं जातात आणि ती तुमच्या चार तासांतूनच कापली जातात. मिनीबसमध्ये स्वच्छतागृह नसतं, मोठ्या कोचमध्ये कधीकधी असतं. घरच्या ज्येष्ठांसाठी हा मुद्दा देखाव्याहून मोठा असू शकतो. मिनीबस साधारण दीड-दोन तासांत कुठे ना कुठे थांबतेच. तरी अडचण असेल तर निघतानाच चालकाच्या कानावर घाला, त्याला यात काही नवल वाटत नाही. सकाळी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

लहान मुलं असतील तर वयाची अट वाचा. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. नातवाला मांडीवर बसवू म्हणाल तर चालणार नाही: पट्टा बांधणं कायद्याने सक्तीचं आहे.

दर हंगामाप्रमाणे बदलतात, माणशी साधारण ५० ते ७० पौंडांच्या घरात. त्यात बस आणि बोलणारा चालक येतो. किल्ल्यांची तिकिटं, बोटफेरी आणि जेवण यांचे पैसे वेगळे. किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं तेही वाचून घ्या, कारण इथली हवा आणि आपली तब्येत या दोन्हींचा भरवसा नाही.

स्वतः गाडी चालवली तर? भारतीय परवान्यावर पाहुण्याला १२ महिने इथे गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. दोन जोडपी असतील तर भाड्याची गाडी कदाचित स्वस्तही पडेल. पण मग एक माणूस दिवसभर रस्ता बघतो, तळं बघत नाही. वाटेत व्हिस्कीची चव घ्यायची असेल तर हेही ध्यानात असू द्या की स्कॉटलंडमध्ये चालकासाठी दारूची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, एका पेल्यातही ओलांडली जाऊ शकते.

महिना आणि उजेड

जूनच्या अखेरीस इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो, म्हणजे परतीचा निम्मा प्रवास काळोखात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पदवीदानाला येणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. शिवाय इन्व्हरेरीचा किल्ला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो, हंगामातही आठवड्यातले काही दिवस बंद ठेवतात, आणि किलचर्न हिवाळ्यात आतून बघता येत नाही. हिवाळ्यात गेलात तर बर्फाचे डोंगर आणि रिकामी गावं मिळतील, त्यातही मजा आहे. फक्त आतून किल्ला बघायचा हट्ट धरू नका.

सगळ्यात चांगला महिना मे. पश्चिम किनाऱ्यावर वसंत हाच त्यातल्या त्यात कोरडा काळ असतो, दिवस लांब झालेले असतात आणि मिजेसची फौज अजून पुरती जमलेली नसते. मिज म्हणजे चिलटाहून बारीक, चावणारी माशी. जून ते ऑगस्ट तिचा भर. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या हवेत, सकाळ-संध्याकाळी पाण्याकाठी ती शेकड्यांनी येते, आणि जरा वारा सुटला की गायब होते. मलेरिया वगैरे काही होत नाही, नुसती खाज. 'स्मिज' नावाचा फवारा इथल्या औषधांच्या दुकानांत मिळतो, तो घ्या. दुसरा चांगला काळ सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर, तेव्हा नेचे आणि गवत तांबूस होतात.

पावसाबद्दल सह्याद्रीतल्या माणसाला काय सांगायचं? इथला पाऊस आपल्या आषाढातल्यासारखा कोसळत नाही. तो आडवा, बारीक आणि चिकाटीचा असतो. छत्री पहिल्याच खिंडीत उलटी होते. टोपीचं जलरोधक जाकीट घ्या, आत दोन पातळ थर, जुलैतही. बूट ओल्या दगडावर न घसरणारे हवेत. आईला साडीच नेसायची असेल तर खुशाल नेसू दे, पण खाली बूट आणि मोजे, चपला नकोत. पाय ओले झाले की उरलेला दिवस फुकट जातो.

आदल्या रात्री

बस कुठून सुटते ती जागा नकाशावर शोधा आणि शक्य असेल तर चालत जाऊन बघून या. एडिंबरोत बऱ्याच सहली वेव्हर्ली स्टेशनच्या आसपास किंवा रॉयल माइलवरून सुटतात, ग्लासगोत जॉर्ज स्क्वेअर किंवा बुकॅनन बसस्थानकाच्या परिसरातून. पंधरा मिनिटं आधी पोचा. आठ म्हणजे आठ. इथल्या चालकांचे ड्रायव्हिंगचे आणि विश्रांतीचे तास कायद्याने बांधलेले असतात, तुमच्यासाठी काढलेली दहा मिनिटं त्यांना दुसरीकडून भरून काढता येत नाहीत.

खाण्याची सोय रात्रीच करा. सुपरमार्केटमध्ये सँडविच, काहीतरी चुटूर-पुटूर आणि पेय असं तिन्ही मिळून 'मील डील' मिळतं, वाटेतल्या कुठल्याही जेवणापेक्षा स्वस्त. घरून आणलेला चिवडा, शंकरपाळे, लाडू यांना बसमध्ये कोणी हरकत घेत नाही. लसणाची चटणी आणि लोणचं मात्र बाहेर, बाकावर बसून उघडा. गरम जेवण बसमध्ये खायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते. पेढे-बर्फी भारतातून आणायच्या भानगडीत पडू नका, दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे. पाण्याची बाटली हॉटेलातल्या नळावर भरून घ्या, इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चवीला उत्तम असतं.

फोनवर नकाशा उतरवून ठेवा. डोंगरांच्या मधे रेंज जाते.

लस आणि लॉख लोमंड

एडिंबरोहून निघालेली बस ग्लासगोच्या बाजूने एर्स्किन पूल ओलांडून आली तर डावीकडे क्लाइड नदीच्या काठी डंबार्टनचा उघडा खडक दिसतो. जुन्या ज्वालामुखीचा तो गाभा, त्यावर किल्ला. याच डंबार्टनला १७७९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्मला. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. गाइड हे सांगणार नाही, त्याच्या बसमध्ये रोज मराठी माणसं नसतात. बाबांना सांगा, ते खडक दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघतील.

पुढे लॉख लोमंड सुरू होतं. पृष्ठभागाच्या हिशेबाने ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं गोडं तळं: ७१ चौरस किलोमीटर, दक्षिणेला रुंद आणि बेटांनी भरलेलं, उत्तरेला अरुंद आणि खोल. याचं कारण पायाखाली आहे. स्कॉटलंडच्या सखल भागाला हायलँड्सपासून वेगळा करणारा मोठा भूस्तरभंग, म्हणजे जमिनीतली भेग, या तळ्याच्या दक्षिण भागातून आडवा जातो, काही बेटं नेमकी त्याच रेषेवर उभी आहेत. दक्षिणेला मऊ खडक, तिथे हिमनदीला पसरता आलं. उत्तरेला कठीण खडक, तिथे तिने खोल खाच पाडली. समोरच्या काठावर बेन लोमंड, उंची ९७४ मीटर.

बसमध्ये कुठे बसायचं? रस्ता तळ्याच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे जातो, म्हणून पाणी उजवीकडे, चालकाच्या बाजूला. लॉख फाइन आणि लॉख ऑच्या वेळी मात्र पाणी डावीकडे येतं, आणि परतीत लॉख लुबनेगला पुन्हा उजवीकडे. तेव्हा सकाळी उजव्या खिडकीसाठी भांडू नका, हिशेब दिवसभरात जवळपास फिटतो. गाडी लागत असेल त्याने पुढची जागा आधी सांगून घ्यावी आणि गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, खिंडीत पोचल्यावर नव्हे.

लसला साधारण पाऊण तास मिळतो. छोट्या दगडी, बैठ्या घरांची ही एकच मुख्य गल्ली थेट धक्क्यावर उतरते. जवळच्या पाटीच्या दगडाच्या खाणींतल्या आणि इथल्या जमीनदारीतल्या कामगारांसाठी ती घरं बांधली होती, आज त्यांच्या दारांवर गुलाबाचे वेल चढलेत आणि पर्यटक रांग लावून फोटो काढतात. घरांत माणसं राहतात, कुंपणावरून आत डोकावू नका. आधी धक्क्यावर जा, मग डावीकडे-उजवीकडे रेंगाळा. चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्यांत एक कासवाच्या पाठीसारखा घुमटलेला दगड आहे, तो व्हायकिंग काळातला मानतात. बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत, सगळे धक्क्यावर. कॉफीच्या रांगेत वीस मिनिटं घालवू नका, इन्व्हरेरीत कॉफी मिळते.

खिंड

टार्बेटला बस तळं सोडून डावीकडे वळते. अॅरोकारला लॉख लाँगचं टोक दिसतं. हे समुद्राचं खारं पाणी आहे, दोन डोंगरांमधून आत शिरलेलं. मग ग्लेन क्रोचा चढ. वर, सुमारे २४६ मीटरवर, 'रेस्ट अँड बी थँकफुल'. विसावा घ्या आणि आभार माना, असं तिथल्या दगडावर कोरणारे सैनिक होते. १७४० च्या दशकात, जॅकोबाइट बंडाच्या (गादीवरून हटवलेल्या स्ट्युअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या उठावाच्या) सुमारास, सरकारी फौजेला डोंगरात चटकन शिरता यावं म्हणून हा लष्करी रस्ता बांधला गेला. जुनी वाट आजही खाली दरीत नागमोडी दिसते.

उंची ऐकून आपल्याला हसू येईल, आपला कुठलाही घाट याच्या दुप्पट. पण वारा असा की बसचं दार उघडताना चालक सगळ्यांना सांभाळून उतरा म्हणतो. टोप्या काढून ठेवा. दहा मिनिटं पुरतात. या रस्त्यावर दरडी वारंवार कोसळतात. ऑगस्ट २०२० मध्ये मोठी दरड आली तेव्हा रस्ता कितीतरी दिवस बंद होता आणि गाड्या त्याच जुन्या लष्करी वाटेने सोडल्या जात. तुमच्या दिवशी असं काही झालं तर कंपनी मार्ग बदलेल, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इन्व्हरेरी: दोन तास कसे वापरायचे

दिवसातला मोठा थांबा हाच, साधारण दीड ते दोन तास. जेवण, गाव आणि किल्ला तिन्ही नीट जमत नाही. बसमध्येच ठरवा.

गाव आधी समजून घ्या. पांढऱ्या भिंती, खिडक्यांना काळ्या कडा, सगळं एका ओळीत, कारण ते वाढलेलं गाव नाही, आखलेलं आहे. अठराव्या शतकात आर्गाइलच्या ड्यूकने जुना वाडा पाडून नवा किल्ला बांधायला काढला, तेव्हा वाड्याला बिलगलेलं जुनं गाव त्याला अडचणीचं वाटलं. त्याने अख्खं गाव उचलून अर्ध्या मैलावर, खाडीच्या टोकावर नव्याने वसवलं. लोकांना विचारलं असेल असं समजण्याचं काही कारण नाही.

किल्ल्याची पायाभरणी १७४६ ची. त्याच वर्षी कलॉडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड संपलं आणि सरकारच्या बाजूने उभे राहिलेले कॅम्पबेल, म्हणजे या ड्यूकचं घराणं, वर आले. म्हणून इथे तटबंदी, दिंडी दरवाजा, चोरवाटा शोधू नका. रायगड-राजगड डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. हा सरदाराचा ऐटबाज वाडा आहे, चारही कोपऱ्यांना गोल बुरूज, त्यांवरचे टोकदार शंकू १८७७ च्या आगीनंतर बसवलेले. दगड निळसर-हिरवट, पाऊस पडला की आणखी गडद होतो, त्यामुळे पावसातले फोटो उलट चांगले येतात. आत शस्त्रदालन बघण्यासारखं आहे: २१ मीटर उंच छत आणि भिंतींवर चक्राकार मांडलेल्या बंदुका, कुऱ्हाडी, तलवारी. ड्यूकचं कुटुंब अजून इथे राहतं, काही खोल्या बंद असतात.

चित्रांच्या रांगेत आठवा ड्यूक, जॉर्ज कॅम्पबेल, दिसला तर दोन क्षण थांबा. १८६८ ते १८७४ हा माणूस भारतमंत्री होता. हिंदुस्थानचा कारभार ज्यांच्या सहीने लंडनहून चालला त्यांच्यापैकी एकाचं घर हे. त्याच्या थोरल्या मुलाला राणी व्हिक्टोरियाची मुलगी लुईझ दिली होती, त्या लग्नाच्या आठवणीही किल्ल्यात आहेत.

किल्ला बसच्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांवर, आत तास-सव्वा तास हवा. म्हणजे किल्ला घेतलात तर जेवण सँडविचवर. रात्री मील डील घ्यायला सांगितलं ते यासाठीच. किल्ल्यात जायचं नसेल तर जुना तुरुंग बघा: १८२० चं न्यायालय आणि कोठड्या, १८८९ पर्यंत वापरात होत्या, आता संग्रहालय. मुलांना तो किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो. पाय दुखत असतील तर दोन्ही सोडा आणि धक्क्यावर बसून लॉख फाइनकडे बघा, तेही वाया जात नाही.

जेवायचंच असेल तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. लॉख फाइनचे ऑयस्टर आणि शिंपले नावाजलेले आहेत, मासेखाऊ मंडळींनी इथेच हात मोकळा सोडावा. कोकण-गोव्याच्या माणसाला मसाला नसलेला मासा फिका वाटेल, पण ताजेपणात खोट नाही. 'फिश अँड चिप्स'मध्ये इथे बहुधा हॅडॉक असतो. तळण कशात आहे ते मात्र विचारा, काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात, आणि मग शाकाहारी माणसाच्या बटाट्याच्या चिप्सही त्याच कढईतून येतात. 'आजचं सूप' भाज्यांचं असलं तरी ते मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारायला संकोच नको, पदार्थातल्या घटकांविषयी सांगण्याची इथल्या हॉटेलवाल्यांना सवय असते. शाकाहाऱ्यांचा हक्काचा आधार म्हणजे भाजलेला आख्खा बटाटा, त्यावर चीज किंवा बीन्स. आणि हॅगिस: मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट, कांदा, मिरी. आपल्याकडे वजडी आवडीने खाणाऱ्यांना ते बिलकुल परकं वाटणार नाही. डाळी-ओटचं शाकाहारी हॅगिसही १९८० च्या दशकापासून मिळतं आणि ते चांगलं लागतं. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज. नावातल्या पुडिंगवर जाऊ नका.

किलचर्न

इन्व्हरेरीहून अर्ध्या तासात लॉख ऑ. लांबीने स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं गोडं तळं, सुमारे ४१ किलोमीटर. त्याच्या ईशान्य टोकावर, पाण्यात घुसलेल्या सपाट जिभेवर किलचर्न उभा आहे. १४५० च्या सुमारास ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्पबेलने बांधला, १६९० च्या दशकात त्यात सैनिकांच्या बराकी जोडल्या, १७६० मध्ये वीज कोसळली आणि तो कायमचा सोडून दिला गेला. बुरुजाचं एक टोक त्या दिवसापासून आत अंगणात उलटं पडलंय. मला विचाराल तर सगळ्या दिवसातलं हे सर्वांत सुंदर ठिकाण, आणि तिकीट नाही.

दोन प्रकारे दाखवतात. एक, पाण्यापलीकडच्या रस्त्याकडेला थांबून, डोंगरांसह सगळा किल्ला पाण्यात दिसतो, दहा-पंधरा मिनिटं. दोन, प्रत्यक्ष किल्ल्यापाशी, रेल्वेच्या पुलाखालून शेतातून दहा मिनिटं चालत. ही वाट सपाट आहे पण पावसानंतर चिखलाची, तळं भरलं की पाण्याखालीही जाते. तुमच्या सहलीत यांपैकी काय आहे ते बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण माहितीपत्रकात दोन्हींना 'किलचर्न' एवढंच लिहितात. पश्चिमेला दिसणारा उंच डोंगर बेन क्रुआकन. त्याच्या पोटात १९६५ पासून चाललेलं वीजकेंद्र आहे, रात्रीच्या फाजील विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडायचं. आपल्या घाटघरचं तंत्र तेच.

परतीची वाट

इथून पुढे बस पूर्वेला वळते आणि निम्मी माणसं झोपतात. झोपू द्या, पण टिनड्रमला उठवा, तिथे स्वच्छतागृह आहे. मूठभर घरांच्या या गावाला रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, दोन वेगळ्या मार्गांवर. पुढे ग्लेन ओगल, लॉख लुबनेग आणि कॅलंडर. कॅलंडरजवळ किलमहॉगला काही सहली केसाळ हायलँड गायी दाखवायला थांबतात. कुंपणाबाहेरून बघा, काही भरवू नका. शिंगं शोभेची नसतात.

डूनचा थांबा असेल तर आत जा. चौदाव्या शतकाच्या अखेरीला राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट स्ट्युअर्टने, म्हणजे अल्बनीच्या ड्यूकने, तो बांधला. इन्व्हरेरीत जे सापडत नाही ते इथे आहे: जाड भिंती, एकच अवघड दरवाजा, चक्राकार जिना आणि अख्खा बैल भाजता येईल एवढी चूल. जिना अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या, आई-बाबांना दिवाणखान्यापर्यंत नेलं तरी पुरे. नंतर महामार्गावरून स्टर्लिंगचा किल्ला आणि इंग्रजांशी लढलेल्या विल्यम वॉलेसचं उंच स्मारक दिसतं, आणि एडिंबरोला जाणाऱ्यांना फॉल्कर्कजवळ केल्पीज, पोलादाची ३० मीटर उंच दोन घोड्यांची तोंडं.

चालकाला बक्षिसी द्यायची का? सक्ती नाही, कोणी हात पुढे करत नाही. दिवसभर गाडी चालवत तो गोष्टी सांगत असतो, तेव्हा आवडलं असेल तर उतरताना माणशी दोन-चार पौंड हातात ठेवा. त्याचं इंग्रजी कळलं नाही तर दिवसभरात कधीही पुन्हा विचारा. ग्लासगोच्या माणसाचं बोलणं लंडनवाल्यांनाही चटकन कळत नाही.

सुट्टे पैसे परत घेताना नोटांवर बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड किंवा क्लाइड्सडेल बँकेचं नाव दिसेल. नोटा खऱ्याच असतात. पण लंडनमधले काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात आणि भारतात त्या बदलून मिळणं अवघड, म्हणून स्कॉटलंड सोडण्याआधी त्या इथेच खर्चून टाका. शॉर्टब्रेडचे डबे त्यासाठीच आहेत, आणि घरी न्यायला इन्व्हरेरीतल्या दुकानापेक्षा शहरातल्या सुपरमार्केटमध्ये ते स्वस्त मिळतात.